काँक्रीटची घरगुती जमीन : बिघाडाची नावे व दुरुस्तीची दिशा

जुन्या घराचे नूतनीकरण करावयास घेतले म्हणजे भिंतींचा रंग, दारे-खिडक्या यांविषयीचे निर्णय लवकर होतात. काम अडते ते जमिनीपाशी. जुन्या कोब्याला ठिकठिकाणी भेगा पडलेल्या असतात, मोरीलगतचा भाग भुसभुशीत झालेला असतो, एखाद्या कोपऱ्यात ठोकून पाहावे तर बद्द आवाज येतो. घरमालक या सर्वांना मिळून 'जमीन खराब झाली' असे म्हणतो. या एका विशेषणावर साधारणतः दोनच उत्तरे मिळतात : सगळी जमीन उखडून टाकावी, किंवा वरून लादी बसवून ती झाकावी. पहिल्या उपायात खर्च व धूळ यांच्या जोडीला कित्येकदा इमारतीला इजा होते. दुसऱ्यात मूळ बिघाड तसाच राहतो आणि काही काळाने नव्या लादीतून पुन्हा वर येतो.

वस्तुतः काँक्रीटच्या जमिनीचे बिघाड एका जातीचे नसतात आणि मराठी भाषेने त्यांना एका नावाने कधी ओळखलेलेही नाही. तडा, भेग, चीर, पोपडा, भुगा, ओल, खचणे, फुगणे हे शब्द एकाच अर्थक्षेत्रातील असले तरी परस्परांचे पर्याय नव्हेत. त्यांतील प्रत्येकाचे क्रियापद ठरलेले आहे आणि त्या सहप्रयोगात बिघाडाच्या कारणाविषयीचा एक स्थूल अंदाज साठवलेला आहे. प्रस्तुत लेखात हे शब्द व त्यांमागील भौतिक प्रक्रिया यांची सांगड घालून दुरुस्तीचा क्रम विशद केला आहे. शब्द हा केवळ संशय सुचवितो. निर्णय परीक्षेनेच करावयाचा असतो, ही मर्यादा आरंभीच नमूद करणे अवश्य आहे.

१. 'जमीन' या शब्दाची अनेकार्थता

'जमीन' हा शब्द फारसीतून आला. मराठीत त्याने शेताची भूमी व घरातील पायाखालचा पृष्ठभाग असे दोन्ही अर्थ घेतले. मातीच्या घरात हे दोन अर्थ खरोखरच एकत्र नांदत होते. भुई चोपली, सारवली की जमीन तयार होई आणि सारवणाच्या नित्यक्रमातच तिची दुरुस्तीही होऊन जाई. मजल्यांची घरे आल्यावर शब्द तोच राहिला, वस्तू मात्र बदलली. तळमजल्यावरील काँक्रीट हे जोत्यात भरलेल्या मुरमावर व दगडांच्या सोलिंगवर टेकलेले असते. वरच्या मजल्यावरील 'जमीन' म्हणजे सळया घातलेला अधांतरी स्लॅब व त्यावरचा थर होय. एका कुटुंबाची जी जमीन तेच खालच्या कुटुंबाचे छत असते.

दुरुस्तीचा पहिला प्रश्न याच भेदातून निघतो. तळमजल्याची जमीन बिघडली तर खालच्या भरावाकडे व ओलीकडे पाहिले पाहिजे. वरच्या मजल्याची बिघडली तर सळया, भार व खालच्या घराचे छत यांकडे. 'जमीन' हा एकच शब्द दोहोंना लावला जात असल्यामुळे हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. 'स्लॅब' हा इंग्रजी शब्द मराठीत रुळला तो एका अर्थी ही उणीव भरून काढण्यासाठीच, असे म्हणावयास हरकत नाही.

जमिनीच्या प्रकारांची नावेही बोलकी आहेत. 'फरशी' या शब्दाच्या मुळाशी 'फर्श' आहे. त्यात पसरण्याचा, अंथरण्याचा भाव आहे. 'कोबा' या शब्दाचा संबंध फारसीतील कुटणे, ठोकणे या अर्थाच्या धातूशी जोडता येतो. चुना, विटांचे तुकडे व सुरखी यांचा थर लाकडी थापीने कुटून केलेली जमीन वा गच्ची हा कोब्याचा जुना अर्थ होय. पुढे सिमेंट आले, कुटण्याची क्रिया गेली, तरी सांध्यांवाचून केलेल्या जमिनीला कोबा हेच नाव चालू राहिले. या अर्थविस्तारात एक महत्त्वाचा भेद झाकला गेला. चुन्याला घट्ट होण्यास दिवसांची सवड असे. साधारण पोर्टलंड सिमेंटचा प्रारंभिक घट्ट होण्याचा काळ मात्र भारतीय मानकाप्रमाणे किमान ३० मिनिटे इतकाच अपेक्षित असतो. सकाळी कालवलेला माल दुपारी पाणी घालून पुन्हा हलवावयाचा, ही सवय चुन्याच्या काळात निभावून जाई. सिमेंटच्या कोब्यात तिची परिणती दुर्बल थरात होते.

२. 'सुकणे' या क्रियापदाचा घोटाळा

काँक्रीट 'सुकते' असे सर्रास म्हटले जाते. जमिनीच्या बिघाडांपैकी बऱ्याच मोठ्या भागाचे मूळ या एका क्रियापदाच्या चुकीच्या अर्थबोधात आहे. दूध विरजले म्हणजे दही लागते. ते काही दुधातील पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. सिमेंटचेही तसेच आहे. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये ज्याचे एकस्व घेतले, त्या पोर्टलंड सिमेंटचे रूप पुढे पुष्कळ बदलले. परंतु मूळ गुण तोच राहिला. त्यातील कॅल्शियमची सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून निर्माण होणारे सूक्ष्म, चिवट जाळे वाळूला व खडीला धरून ठेवते. म्हणजे पाणी हे येथे निघून जावयाचे द्रव्य नसून घटनेत सामील होणारे द्रव्य आहे. 'काँक्रीट' या शब्दाचे लॅटिन मूळही 'एकत्र वाढलेले' असाच अर्थ देते.

या संयोगासाठी लागणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश असते. माल पसरता यावा म्हणून त्याहून अधिक पाणी घालावे लागते. परंतु हे जादा पाणी पुढे उडून जाते व मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. डफ अब्राम्स याने १९१८ मध्ये दाखवून दिले की, सिमेंटच्या मानाने पाण्याचे प्रमाण जसजसे वाढते तसतसे काँक्रीटचे बळ घटते. ५० किलोच्या पोत्यास २५ लिटर पाणी म्हणजे ०.५ हे प्रमाण झाले. पसरण्याच्या सोयीसाठी त्यात आणखी एक बादली ओतली जाते तेव्हा पुढील भेगांची व धुळीची तरतूद त्याच वेळी झालेली असते.

उलटपक्षी, घट्ट झाल्यानंतर पृष्ठभाग ओला ठेवणे आवश्यक असते. कामावर त्याला 'पाणी मारणे' म्हणतात. या शब्दप्रयोगात शिंपडण्याचा भाव असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन तांबे शिंपडले की काम झाले असा समज होतो. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटसाठी किमान ७ दिवस, तर राख वा धातुमळी मिसळलेल्या सिमेंटसाठी अथवा कोरड्या व उष्ण हवेत किमान १० दिवस पृष्ठभाग अखंड ओला ठेवण्यास सांगितले आहे. भर 'अखंड' या शब्दावर आहे. जमीन 'सुकली' म्हणून तिसऱ्या दिवशी पाणी बंद केले तर जमीन वाळते, पण पुरती घट्ट होत नाही. दुरुस्तीच्या लहान ठिगळालाही हा नियम तितकाच लागू आहे, आणि नेमका तेथेच तो सर्वांत अधिक मोडला जातो.

३. तडा जातो, भेग पडते

तडा 'जातो'. काचेच्या पेल्याला, मडक्याला, क्वचित मैत्रीलाही तडा जातो. त्यात बाह्य ताण, आकस्मिकता व आरपार जाण्याचा भाव आहे. भेग 'पडते'. टाचांना भेगा पडतात, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. त्यात ओलावा जाऊन आकसण्याची कल्पना अनुस्यूत आहे. चीर ही बारीक, सरळ व केसासारखी. बोलणारा या शब्दांची सरमिसळ करतो हे खरे. तथापि जमिनीजवळ बसून पाहणाऱ्याला हा भेद उपयोगी पडतो.

आकसण्याच्या भेगा बहुधा उथळ असतात. पृष्ठभागावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा या वरचा थर लवकर वाळल्याची खूण होत. त्या दिसावयास वाईट, पण बळाच्या दृष्टीने सहसा निरुपद्रवी असतात. मोठ्या खोलीत सांधा न ठेवता एकसंध कोबा घातला असेल तर तो आकसताना आपला सांधा आपणच निर्माण करतो आणि खोलीच्या मधून एक भेग जाते. जुन्या चांगल्या जमिनींतील काचेच्या पट्ट्या या शोभेसाठी नव्हेत. दोन मीटरांहून मोठा चौक होऊ न देता आकुंचनाला जागा नेमून देण्याची ती योजना होती.

याच्या उलट, जिच्या दोन कडा वरखाली झाल्या आहेत, जी भिंतीतही चढली आहे, किंवा जी दरवर्षी रुंदावत आहे, ती रेषा तडा या वर्गातील मानावी. तळमजल्यावर याची दोन प्रमुख कारणे असतात. जोत्यातील भराव नीट चोपलेला नसल्यास तो कालांतराने बसतो, काँक्रीट अधांतरी राहते आणि भार येताच तडकते. यास जमीन 'खचणे' म्हणतात. दख्खनच्या काळ्या मातीवर मात्र उलट प्रकारही घडतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर टेकलेली हलकी जमीन वर उचलली जाते. खचलेली जमीन व फुगलेली जमीन यांतील तडे वरवर सारखे दिसतात; उपाय मात्र भिन्न आहेत. पहिलीत तेवढा भाग काढून मुरूम पातळ थरांनी ओलसर करून धुमसाने ठोकावा लागतो. दुसरीत घराभोवतीचे पाणी दूर नेल्यावाचून व मातीतील ओलाव्याचे चढउतार कमी केल्यावाचून आतील कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

तडा हलता आहे की थांबलेला, हे ठरविणे दुरुस्तीपूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. यासाठी लागणारी साधने सामान्य आहेत. तड्याच्या दोन्ही टोकांशी आडवी खूण करून तारीख लिहावी. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून ठेवावी. पट्टी फुटली किंवा टोक खुणेपुढे गेले तर तडा हलता आहे. काळ्या मातीच्या प्रदेशात एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर विश्वासार्ह मिळत नाही. थांबलेला तडा इपॉक्सीसारख्या कठीण द्रव्याने सांधता येतो. हलत्या तड्यात तेच भरले तर शेजारी नवा तडा जातो. तेथे पॉलियुरेथेनसारखे लवचीक द्रव्य भरून त्याला सांधा म्हणूनच स्वीकारावे लागते. हलत्या तड्यावर थेट लादी चिकटवल्यास लादी त्याच रेषेत फुटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

४. पोपडा सुटतो, भुगा निघतो

पोपडा 'सुटतो' वा 'निघतो'. सुटण्यासाठी आधी दोन थर असावे लागतात. म्हणजे बिघाड द्रव्यात नसून दोन थरांच्या जोडात आहे, हे क्रियापदच सांगते. खालचे काँक्रीट धुळीने माखलेले किंवा गुळगुळीत असताना त्यावर वरचा थर घातला गेला तर तो चिकटत नाही. याची परीक्षा कानाने होते. लहान हातोडीने वा जाड नाण्याने एक-एक वीत अंतरावर ठोकत जावे. घट्ट बसलेला थर खणखणीत वाजतो. सुटलेला बद्द वाजतो. मडके घेताना वापरली जाणारी ही जुनी कसोटी येथेही लागू पडते. बद्द वाजणाऱ्या भागाची सीमा खडूने आखली म्हणजे उखडावयाचे क्षेत्र नेमके कळते, आणि पुष्कळदा ते घरमालकाच्या भीतीपेक्षा बरेच लहान निघते.

भुगा 'निघतो' तेव्हा जोड शाबूत असूनही वरचा थर स्वतःच दुर्बल असतो. कितीही झाडले तरी पांढरट धूळ येत राहते व खिळ्याने ओरखडा काढला असता खोल रेघ उमटते. पाण्याचे अतिरिक्त प्रमाण, वर आलेल्या पाण्यात थापी फिरविणे, ते शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरणे आणि पाणी मारण्यातील कुचराई ही त्याची नेहमीची कारणे. दुर्बलता अल्प असेल तर सोडियम वा लिथियम सिलिकेटचा द्राव उपयोगी पडतो. काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून तो छिद्रांत कठीण द्रव्य निर्माण करतो. थर खोलवर भुसभुशीत असेल तर कठीण काँक्रीट लागेपर्यंत तो घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. भुग्यावर दिलेला रंग व चिकटवलेली लादी ही भुग्यासकटच निघून येतात.

५. ओल चढते, पाणी गळते

ओलीच्या बाबतीत मराठी क्रियापदे दिशा दाखवितात. ओल 'चढते' ती खालून. पाणी 'गळते' ते वरून. 'झिरपते' ते बाजूने वा सावकाश. जुन्या घरांत काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा पडदा सहसा नसतो, त्यामुळे जमिनीतील ओलावा सूक्ष्म छिद्रांतून वर येतो, पृष्ठभागावर उडून जातो आणि मागे पांढरट क्षार ठेवतो.

परीक्षेसाठी सुमारे ४५ सें. मी. चौरस असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करावा व किमान १६ तासांनी पाहावा. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या अंगास असतील किंवा खालचे काँक्रीट काळपट झाले असेल तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या अंगास असतील तर ती हवेतील दमट वाफ होय. कोकणात व मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत हा दुसरा प्रकार पुष्कळदा पहिल्याच्या नावावर खपतो आणि निरपराध जमीन उखडली जाते. ओल खरोखर चढत असेल तर तिच्यावर लाकडी तक्ते वा व्हिनाइल अंथरणे व्यर्थ आहे. कोंडलेली वाफ चिकटद्रव्य सोडविते व बुरशी धरविते. आधी बाहेरील पाण्याचा निचरा व फुटलेल्या नळांचा शोध, नंतर आवश्यक तर ओलरोधक इपॉक्सी थर वा पडदा घालून नवी जमीन, असा क्रम असावा.

६. ठिगळ लावण्याची रीत

ठिगळाचा मूळ प्रश्न असा की, नवे काँक्रीट जुन्याशी आपोआप 'एकत्र वाढत' नाही. ते तसे वाढेल अशी परिस्थिती निर्माण करावी लागते. प्रथम दुर्बल भाग छन्नीने काढून कडा उभ्या कापाव्यात. कडेला पातळ होत जाणारे साध्या सिमेंटच्या मालाचे ठिगळ तेथूनच पोपडा धरते. तळ छन्नीने टोचून खरबरीत करावा व धूळ पूर्णपणे काढावी. त्यानंतर जुने काँक्रीट पाण्याने तृप्त करावे. मात्र वर पाणी साचलेले नसावे. कोरडे काँक्रीट नव्या मालातील पाणी शोषून घेते, आणि साचलेले पाणी जोड पातळ करते. या अवस्थेत सिमेंटचा घोळ, शक्यतो पॉलिमर मिसळलेला, ब्रशाने घासून लावावा आणि तो ओला असतानाच माल दाबून भरावा. घोळ वाळल्यावर भरलेला माल जोडला जात नाही. वाळलेला घोळ हाच मग सुटण्याचा थर बनतो. शेवटी ओल्या गोणपाटाखाली ठिगळ ७ ते १० दिवस राखावे.

७. भार व धूळ

वरच्या मजल्यावर दोन गोष्टींचे विशेष भान ठेवावे लागते. पहिली भाराची. जुन्या जमिनीवर ५० मि. मी. जाडीचा नवा काँक्रीटचा थर घातला तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो वजन वाढते. निवासी खोल्यांसाठी माणसे व सामान यांचा म्हणून भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. म्हणजे केवळ 'जमीन सपाट करण्यासाठी' घातलेला थर माणसांसाठी राखून ठेवलेल्या बळाचा अर्ध्याहून अधिक वाटा कायमचा खाऊन टाकतो. त्याऐवजी घट्ट वाजणाऱ्या जुन्या जमिनीवर १० मि. मी. जाडीची लादी पातळ चिकटद्रव्याने बसविल्यास ही वाढ तीसएक किलोवर राहते. खालच्या छताला सळईच्या रेषेत तडे, तांबूस डाग वा सुटणारे पोपडे असतील तर सळया गंजत आहेत असे समजावे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व काँक्रीट आतून फोडतो. तेथे गवंड्याचे नव्हे, संरचना अभियंत्याचे काम आहे. तो पाहून जाईपर्यंत वर छन्नी चालवू नये.

दुसरी गोष्ट धुळीची. काँक्रीट कोरडेच घासले वा कापले असता उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. घरमालकाला ही धूळ चार दिवस सोसावी लागते, बिगाऱ्याला ती वर्षानुवर्षे. पाणी सोडून घासणे, धूळ ओढणारे यंत्र लावणे व योग्य मुखपट्टी देणे हा कामाच्या खर्चातला भाग समजला पाहिजे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दिसून येईल की, जमिनीच्या दुरुस्तीत द्रव्याच्या निवडीपूर्वी बिघाडाची ओळख येते, आणि ओळखीचे पहिले साधन नाव हेच आहे. आज कामाच्या ठिकाणी तडा, भेग व चीर या तिहींना 'क्रॅक' म्हटले जाते व तिहींत एकच लांबी भरली जाते. यात दोष उसन्या शब्दाचा नाही. 'स्लॅब' या शब्दाने नवा भेद आणला हे वर पाहिलेच. दोष आहे तो असलेला भेद पुसला जाण्याचा.

कोशकारांच्या दृष्टीनेही हा विषय दुर्लक्षणीय नाही. तडा, भेग, चीर हे शब्द परस्परांच्या अर्थादाखल देऊन कोशातील नोंद संपविणे पुरेसे नव्हे. तडा 'जातो', भेग 'पडते', पोपडा 'सुटतो', ओल 'चढते' हे सहप्रयोग नोंदविले तरच त्या शब्दांतील निरीक्षण पुढच्या पिढीच्या हाती लागेल. आजचा गवंडी कित्येकदा दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातून आलेला असतो. घरमालकाच्या व त्याच्या बोलण्यात हे भेद सहज निसटतात. अशा वेळी घरमालकाने 'जमीन खराब झाली' एवढेच न सांगता कोठे बद्द वाजते, कोठे भुगा निघतो, कोणता तडा गेल्या पावसाळ्यानंतर वाढला, हे खडूने आखून दाखवावे. उखडावयाची जमीन त्यामुळे बहुधा कमी होते, आणि जी उखडावी लागते ती योग्य कारणासाठी उखडली जाते.